चार तासांचा नियम आपल्यालाही लावा

पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला जाताना मोबाइलला काहीच कळत नाही. रस्त्यावरच्या पाट्या बदलतात, बार संपतात, पेट्रोलचा दर वाढतो, पण फोन गप्प. डिचोलीहून दोडामार्गला गेलात तरी तेच. याउलट साखळीवरून चोर्ला घाटाने बेळगावला निघा. घाटात रेंज जाते आणि वर गेल्यावर परत येते. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती येताना सोबत रोमिंगही घेऊन यायची. कारण साधं आहे. दूरसंचार खात्याच्या नकाशात गोवा वेगळा नाहीच. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल आहे, त्यातून फक्त मुंबई वेगळी काढलेली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारलं, पण दूरसंचार खात्याने ते गुपचूप करून टाकलं आणि कोणी मोर्चासुद्धा काढला नाही. (पेडणे-डिचोलीत हा विनोद जरा जपूनच करावा लागतो. त्या कौलात आमच्या भागाचा कल कुठे होता हे घरोघरी ठाऊक आहे.)

या नकाशाचा सगळ्यात गमतीदार नमुना म्हणजे तेरेखोल. गाव गोव्याचं, पण नदीच्या पलीकडे. जमिनीने जोडलेलं ते महाराष्ट्राला. केरीहून फेरीबोट घेऊन किल्ल्यातल्या सांत आंतोनच्या चर्चला आम्ही कितीदा गेलोय. तिथे फोन कुठल्या टॉवरला लागला, गोव्याच्या की रेडीच्या, याची कधी फिकीर करावी लागली नाही. सर्कल एक, त्यामुळे बिल एक. तिकडे दक्षिणेला पोळ्याच्या लोकांचं नशीब असं नव्हतं. पलीकडे माजाळी, म्हणजे कर्नाटक, म्हणजे दुसरं सर्कल. फोन बिचारा माणसाचा पत्ता बघत नाही, ज्या टॉवरचा सिग्नल जोरात त्याला चिकटतो. आपल्याच अंगणात बसून माणूस रोमिंगमध्ये जाऊ शकतो, हे सीमेवर राहणाऱ्यालाच कळतं.

वाङ्मय मंडळाच्या अंकात मोबाइलच्या बिलावर लेख कशाला, असं कोणी विचारेल. माझ्या मते बिल हासुद्धा एक मजकूर आहे. तो कोण लिहितं, कधी लिहितं, कुठल्या भाषेत लिहितं आणि तो वाचणाऱ्याच्या हातात केव्हा पडतो, हे प्रश्न आपण कवितेला विचारतो तेवढ्याच हक्काने बिलाला विचारायला हवेत. आणि आमच्या पेडण्यात हा प्रश्न वाटतो तेवढा लांबचा नाही. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन पाहुणा फोन चालू करतो तेव्हा आमचा टॉवर त्याच्या नोंदी लिहितो आणि त्याच्या देशात पाठवतो. आणि आमच्याच वाड्यांवरची मुलं, बाप्ये, काका त्याच वेळी कुठल्यातरी क्रूझवर, मस्कतमध्ये नाहीतर स्विंडनमध्ये असतात आणि त्यांच्या नोंदी तिथून इकडे यायच्या असतात. रोमिंगच्या बाबतीत पेडणे यजमानही आहे आणि पाहुणाही.

आधी देशातलं रोमिंग. माझ्या वयाच्या मुलांना ते नीट आठवतही नाही. १ मे २००३ पासून देशात इनकमिंग फुकट झालं, पण सर्कल सोडलं की इनकमिंगलाही पैसे पडायचे. म्हणून तर कर्नाटकात गेलेल्या माणसाला आपण मिस्ड कॉल द्यायचो आणि तो एसटीडी बूथ शोधत फिरायचा. ट्राय म्हणजे आपलं दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यांनी फेब्रुवारी २००७ पासून रोमिंगचं भाडं बंद केलं आणि दराला कमाल मर्यादा घातली: लोकल कॉलला मिनिटाला १ रुपया ४० पैसे, एसटीडीला २ रुपये ४० पैसे, इनकमिंगला १ रुपया ७५ पैसे. जुलै २०१३ मध्ये हेच आकडे १ रुपया, दीड रुपया आणि ७५ पैसे झाले. मे २०१५ मध्ये ८० पैसे, १ रुपया १५ पैसे आणि ४५ पैसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते देशभर रोमिंग फुकट असं सांगतच, आणि पुढच्या वर्षात बाकीच्यांनाही तोच रस्ता धरावा लागला.

यात एक गोष्ट नीट बघा. देशातल्या रोमिंगच्या बिलांवरची भांडणं संपली ती बिल लवकर आणि अचूक येऊ लागलं म्हणून नाही. आकारणीच गेली, म्हणून भांडण गेलं. शेजाऱ्याशी बांधावरून वाद होता, दोघांनी मिळून बांधच काढून टाकला, असा प्रकार. देशाबाहेर हा उपाय चालत नाही. तिथे दोन देश, दोन कंपन्या, दोन चलनं, आणि मध्ये हिशेब करणारी तिसरी संस्था. तिथे बांध राहणारच आहे. मग तिथे तरी हिशेब वेळेवर दाखवा, एवढंच मागणं उरतं.

हा हिशेब चालतो कसा? मी साहित्याची विद्यार्थिनी, पण समजून घेतलं तेव्हा ते आमच्या पोसऱ्यावरच्या वहीपेक्षा फार वेगळं निघालं नाही. समजा तुमचं खातं हरमलच्या पोसऱ्यावर आहे. तुम्ही मडगावला गेलात आणि तिथल्या पोसऱ्यावर म्हणालात, माझ्या नावावर लिहा, हरमलवाला देईल. मडगाववाला हरमलवाल्याला विचारतो, हा तुमचाच माणूस ना? हो म्हटलं की तो वहीत लिहायला लागतो. मग कधीतरी त्या वहीची पानं कदंबाच्या बसने हरमलला पोहोचतात आणि हरमलवाला ती आपल्या वहीत उतरवून तुम्हाला महिन्याचा आकडा सांगतो. फोनच्या बाबतीत मडगाववाला म्हणजे परदेशातलं यजमान नेटवर्क, हरमलवाला म्हणजे तुमची इथली कंपनी. सिमकार्डमधल्या ओळखक्रमांकाची सुरुवात ४०४ किंवा ४०५ अशी असली की यजमानाला कळतं, हा भारतातला. प्रत्येक कॉलची एक नोंद तयार होते, अशा नोंदींची फाइल बनते, तिला टॅप फाइल म्हणतात, आणि ती हिशेब जुळवणाऱ्या मध्यस्थ संस्थेमार्फत इकडे येते. बस कधी वेळेवर येते, कधी नाही.

प्रीपेडचं वेगळं आहे. तिथे यजमान नेटवर्क कॉल जोडण्याआधी घरच्या कंपनीला विचारतं की याच्या खात्यात पैसे आहेत का. पैसे संपले की कॉल तुटतो. हा कदंबाच्या कंडक्टरचा न्याय: आधी तिकीट, मग प्रवास. चिडचिड होते, पण घरी गेल्यावर बिल येत नाही. अडकतो तो पोस्टपेडवाला.

आता माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा. जुन्या काळी यजमान कंपनीने जास्त वापर करणाऱ्या पाहुण्याची खबर घरच्या कंपनीला द्यायची ती ३६ तासांच्या आत. भामट्यांनी हे ३६ तास बरोब्बर हेरले. खोट्या कागदांवर किंवा चोरीचं सिम घ्यायचं, दुसऱ्या देशात जायचं, शनिवार-रविवारी महागड्या नंबरांवर अखंड कॉल लावून ठेवायचे आणि सोमवारी सिम फेकून द्यायचं. घरच्या कंपनीला कळेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असायचं, आणि यजमानाला पैसे तर द्यावेच लागायचे. कंपन्यांच्या खिशाला कात्री लागली तेव्हा त्यांनी काय केलं? जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने नवी पद्धत आणली. तिचं नाव एनआरटीआरडीई असं जिभेला पीळ पाडणारं आहे. अर्थ एवढाच की रोमिंगच्या नोंदींची देवाणघेवाण जवळजवळ त्याच वेळी करायची. ऑक्टोबर २००८ पासून ती लागू झाली. कॉल संपल्यापासून चार तासांच्या आत नोंद घरच्या कंपनीकडे पोहोचली पाहिजे. आणि नाही पोहोचली तर? तर त्या उशिरामुळे फसवणुकीचं जे नुकसान होईल ते यजमान कंपनीने सोसायचं.

हे वाक्य मला फार आवडतं. ज्याने सांगायला उशीर केला, त्याने भरायचं. इतका स्वच्छ न्याय आपल्या पंचायतीतही सहसा मिळत नाही.

पण हा न्याय कंपनी आणि कंपनी यांच्यातला आहे. कंपनी आणि ग्राहक यांच्यात तो उलटा होतो. इथे सांगायला उशीर कंपनी करते आणि भरतो ग्राहक.

डेटाच्या बाबतीत तर उशिराची सबबही टिकत नाही. परदेशात तुम्ही मोबाइलवर इंटरनेट उघडता तेव्हा ते सहसा तिथल्या तिथे उघडत नाही. तुमची मागणी यजमान नेटवर्ककडून आधी भारतातल्या तुमच्या कंपनीकडे येते आणि तिथून पुढे जाते. म्हणजे किती एमबी गेले हे मोजायचं मीटर तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या घरात आहे. वहीच्या पानांची वाट बघायची गरजच नाही, सगळा माल त्यांच्याच दुकानातून जातोय. तरीही ग्राहकाला आकडा महिन्याने कळत असेल तर तो तांत्रिक उशीर नव्हे, तो ठरवून केलेला उशीर आहे, असं मी म्हणेन. कॉलच्या नोंदीला चार तास आणि डेटाला काही क्षण. एवढ्या वेळात कंपनीला माहीत असतं. आपल्याला माहीत नसतं.

घरातलं उदाहरण देते. माझा एक चुलतभाऊ क्रूझवर गॅलीत आहे. बारदेस-सासष्टीइतके नसले तरी आमच्याकडेही तारवटी आहेत. त्याचा इथला नंबर पोस्टपेड, कारण बँक, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच नंबरला बांधलेलं. बोटीवर एक गोष्ट होते जी जमिनीवरच्या माणसाला माहीत नसते. बंदरात असताना फोन त्या देशाच्या नेटवर्कवर असतो. किनारा मागे पडला की बोटीवरचं स्वतःचं नेटवर्क सुरू होतं, ते चालतं उपग्रहावरून, आणि त्याचे दर निराळेच असतात. रोमिंगचे जे पॅक लोक घेऊन जातात, त्यांतल्या बहुतेकांत हे बोटीवरचं नेटवर्क धरलेलंच नसतं. त्याने पॅक घेतला होता. देशांची यादी वाचली होती, त्यात तो ज्या बंदरांना जाणार ती सगळी होती. समुद्र यादीत नव्हता.

रात्रपाळी संपवून तो झोपला असताना फोनने दिवसभराचे फोटो आपणहून वर चढवले, ते उपग्रहावरून. असं तीन रात्री. मर्यादेच्या ८० टक्के वापर झाला हा मेसेज आणि मर्यादा ओलांडली हा मेसेज, दोन्ही त्याला दोन दिवसांनी एकदमच मिळाले. बिल आलं तेवीस हजारांच्या वर. ते भरलं, तर पुढच्या महिन्याच्या बिलात आधीच्याच तारखांच्या आणखी काही नोंदी. ग्राहक सेवेतल्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं की सर, रोमिंगच्या नोंदी उशिरा येतात. हा तिचा दोष नाही, तिच्यासमोरच्या पडद्यावर तेवढंच लिहिलेलं असणार. भाऊ आम्हाला एवढंच म्हणाला, "आतां सांगून कितें फायदो?" त्याच्या जवळजवळ पूर्ण पगाराचा आठवडा गेला होता. त्या महिन्यात घरच्या छपराची कौलं बदलायची होती, ती बदलली नाहीत आणि पावसाळा तसाच काढला.

त्याचा प्रश्न मला बिलाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. माहितीचं मोल तिच्या वेळेत असतं. ती पहिल्या रात्री मिळाली असती तर त्याने एक बटण दाबलं असतं.

लोक म्हणतात, फोन विमान मोडवर ठेवायचा, नाहीतर तिथलं सिम घ्यायचं, किंवा आता ई-सिम मिळतं. मीसुद्धा घरी हेच म्हणाले असते, जर ओटीपी नावाची गोष्ट नसती. बँकेत पैसे पाठवायचे, आईच्या औषधाचे भरायचे, आधारचं काहीतरी करायचं, प्रत्येक ठिकाणी ओटीपी इथल्याच नंबरवर येणार. रोमिंगमध्ये येणारा एसेमेस सहसा फुकट असतो, पण तो यायला इथलं सिम जिवंत ठेवावं लागतं. एकदा ते जिवंत ठेवलं की एका चुकलेल्या सेटिंगवर डेटाही वाहायला लागतो. जानेवारी २०२३ मध्ये अनिवासी भारतीयांना परदेशी नंबरवर यूपीआय वापरायची सोय जाहीर झाली, अमिरात, ओमान, ब्रिटन, अमेरिका अशा दहा देशांतल्या नंबरांसाठी. दुबईत पाच वर्षं बसलेल्या माणसाला ती चांगली आहे. आज बार्सिलोना, उद्या नेपल्स अशा तारवट्याला तिचा काय उपयोग? त्याचा एकच कायमचा नंबर असतो, घरचा.

दुसरं म्हणणं असं की हे थोड्या लोकांचं दुखणं आहे, त्यासाठी नियम कशाला. गोव्यात असं बोलणाऱ्याने रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात उभं राहून मोजावं की किती घरांतलं कोणीतरी बाहेर आहे. आणि डिचोलीच्या माझ्या मैत्रिणीच्या वाड्यावर मोजलं तरी चालेल. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, त्यानंतर तिकडची मुलंही आखातात जाऊ लागली. हा आता फक्त आमच्या समाजाचा विषय उरलेला नाही.

युरोपने हे कायद्याने करून दाखवलंय. तिथे १ जुलै २०१० पासून नियम आला की रोमिंग डेटाचं बिल ५० युरोवर गेलं की, ग्राहकाने वेगळं काही ठरवलं नसेल तर, डेटा बंद करायचा. आणि ८० टक्के झाल्यावर आधी इशारा द्यायचा. नियम आल्यावर कंपन्यांना ते जमलं. न जमण्यासारखं काही नव्हतंच, कोणी सांगत नव्हतं एवढंच. पुढे १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकारच गेला. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२२ पासून तिथल्या काही कंपन्यांनी तो परत लावला. म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेला आमचा माणूस लिस्बनला कागद करायला गेला की पुन्हा रोमिंगमध्ये. नकाशावरच्या रेघा कोण कधी परत काढेल सांगता येत नाही.

आपल्याकडे ट्रायने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चर्चापत्र काढलं आणि उपायही सुचवले. सेवा मुळात बंद ठेवावी, ग्राहकाने मागितली तरच चालू करावी, वापर वाढत जाईल तसे एसेमेस द्यावेत, अशी त्यांची दिशा. ती योग्यच आहे. माझं मागणं तिच्या एक पाऊल पुढचं आहे, आणि त्यासाठी नवं काही शोधायला नको. कंपन्यांनी आपसात मान्य केलेला नियमच खाली उतरवा. रोमिंगचा जो खर्च ग्राहकाला चार तासांत सांगितला नाही, तो त्याच्याकडून घेऊ नये. चार जड वाटत असतील तर बारा घ्या, मी घासाघीस करायला तयार आहे. पण उशिराचा भुर्दंड उशीर करणाऱ्यावर पडला पाहिजे. तसं झालं की महिन्याने येणारे आकडे आपोआप त्याच रात्री येऊ लागतील. २००८ साली आले होते तसेच.

कंपन्यांची एक अडचण खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क, किंवा एखाद्या लहान देशातली जुनी यंत्रणा, इथून कॉलची नोंद खरोखर उशिरा येऊ शकते. पण मग तो व्यवहार दोन कंपन्यांच्या करारातला आहे. यजमान निवडताना ग्राहकाला कोणी विचारत नाही. ज्या दोघांनी करार केला त्यांनी आपसात भांडावं.

आणि सांगायचं म्हणजे कुठल्या भाषेत? माझी शामाय, म्हणजे आजी, रोमी लिपीतली कोंकणी सराईतपणे वाचते. १९३३ पासून चालत आलेलं 'वावराड्यांचो इश्ट' तिच्या घरी दर आठवड्याला यायचं, अजून येतं. कंपनीचा इंग्रजी एसेमेस आला की तिला त्यातलं प्रत्येक अक्षर वाचता येतं आणि एकाही शब्दाचा अर्थ लागत नाही. आमच्या शेजारचे काका रोज मराठी दैनिक अग्रलेखासकट वाचतात. त्यांना त्याच एसेमेसमधलं अक्षरही परकं. दोघांचीही मुलं बाहेर, दोघांच्याही नावावर मुलांच्या फोनची बिलं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं, मराठीलाही जागा ठेवली, रोमीला ठेवली नाही. त्यावर आपण गेली अनेक वर्षं एकमेकांशी भांडतोय. फोनच्या कंपनीने मात्र तिघांनाही समान न्याय दिला: कोणाच्याच लिपीत नाही. कधीतरी येतो तो हिंदीत, आणि वर तो जाहिरातीचा असतो.

मला वाटतं हे काम आपल्या मंडळाच्या आवाक्यातलं आहे. इशाऱ्याच्या एसेमेसचा मजकूर तीन-चार वाक्यांचा असतो. तो मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि रोमी कोंकणीत नीट बसवून ट्रायकडे आणि कंपन्यांकडे पाठवायला एक दुपार पुरेल. कोंकणीच्या दोन्ही मसुद्यांसाठी मी शामायला बसवते, तिला चुका काढायला आवडतात. मराठीचा कच्चा मसुदा इथेच देते, दुरुस्त करा: "तुम्ही आता बोटीवरच्या नेटवर्कवर आहात. तुमचा पॅक इथे चालत नाही. आज दुपारी २ पर्यंत १,८०० रुपये झाले आहेत. डेटा बंद करायचा असेल तर उत्तरात फक्त 'बंद' असं लिहून पाठवा. उत्तर आलं नाही तर २,००० रुपयांवर आम्हीच बंद करू."